रुंद, सपाट तळाची मासेमारीची होडी: आठ महिन्यांनंतर

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबांनी गळ टाकायला जाणं जवळजवळ सोडलंच होतं. पाण्यावर एकदा बसले की त्यांना काही त्रास नव्हता. सगळं अडायचं ते धक्क्यावरून होडीत पाय ठेवताना. आमची जुनी होडी अरुंद होती. पाय पडला की ती लगेच एका बाजूला कलायची, आणि त्या क्षणी सगळा भार एका पायावर घेऊन तोल सावरणं त्यांना जमत नव्हतं. दोनदा मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तू जा, मी काठावरच बसतो." होडी बदलायची हे मी त्याच दिवशी ठरवलं.

नवी होडी १४ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, सपाट तळाची. हिला जॉन बोट म्हणतात. या प्रकारात मॉडेलच्या नावात बहुधा चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे लांबी फुटांत, पुढचे दोन म्हणजे तळाची रुंदी इंचांत. आमची जुनी १४३६ होती, ही १४५२ आहे. लांबी तीच, तळ १६ इंचांनी रुंद. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण होडीला सरळ ठेवणारा पाण्याचा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५२ भागिले ३६ करून त्याचा घन काढा, उत्तर तीनच्या आसपास येतं. म्हणजे लांबी न वाढवता, नुसती रुंदी वाढवून जवळपास तिप्पट आधार मिळाला. स्थिर होडी हवी म्हणून लोक १६ फुटी बघायला जातात. माझं मत असं, की आधी तळाची रुंदी विचारा. काठापासून काठापर्यंतची रुंदी नव्हे, कारण वरचे काठ बाहेर झुकवून तो आकडा मोठा दाखवता येतो. पाण्याला टेकतो तो तळ.

ट्रेलरवर उभ्या असलेल्या होडीत चढून काहीही कळत नाही, तिथे सगळ्याच होड्या स्थिर असतात. मी पाण्यात उतरवून बघायची अट घातली आणि सोबत मोजपट्टी नेली. माझ्यापेक्षा वजनदार भाऊ, साधारण ८० किलोचा, एका काठाला चिकटून उभा राहिला आणि काठ किती खाली जातो ते मी मोजलं. जुन्या होडीत तो १२ सेंटीमीटर खाली जायचा, हिच्यात जेमतेम ६ सेंटीमीटर. विकत घेण्याचा निर्णय त्या पाच मिनिटांत झाला.

त्याआधी इतर प्रकारही बघितले होते. व्ही आकाराच्या तळाची होडी लाटांवर फार छान चालते, पण थांबलेली असताना पाय ठेवताक्षणी हलते. हवा भरायची रबरी होडी स्थिरतेला उत्तम, पण तिची फुगीर नळी ओलांडायला गुडघा बराच उचलावा लागतो आणि हातात धरायला कडक असं काही नसतं. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी; तिच्यात बसायची जागा इतकी खाली की बाबांना तिथून उठताच आलं नसतं.

आता चढण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. पहिल्या आठवड्यात मी होडी फक्त पुढच्या दोराने बांधायचे. बाबांनी एक पाय आत ठेवला, आणि मागचा भाग हळूहळू धक्क्यापासून लांब जायला लागला. एक पाय धक्क्यावर, एक होडीत आणि मधलं अंतर वाढतंय. भावाने काठ पकडला म्हणून निभावलं. होडी कितीही रुंद असली तरी ती धक्क्याला चिकटून राहिली नाही, तर त्या रुंदीचा उपयोग नाही. आता पुढे एक दोर, मागे एक, आणि होडीच्या मध्यावर एक खुंटी बसवून घेतली आहे, तिला आखूड दोर. माणूस आत जाईपर्यंत तो मधला दोर ताणलेलाच ठेवायचा.

पुढच्या बाजूला छोटा सपाट डेक आहे. तो धक्क्याच्या उंचीला येतो, त्यामुळे तिथूनच चढावंसं वाटतं. तसं करू नका. पुढे होडी निमुळती होते, पाण्याचा आधार कमी असतो आणि पाय उंचावर पडतो. आम्ही मधूनच चढतो. आत तळाला एक २० सेंटीमीटर उंचीची पेटी घट्ट बसवली आहे, वर खरखरीत रबर लावलेलं. बाबा आधी धक्क्याच्या कडेवर बसतात, दोन्ही पाय पेटीवर ठेवतात, काठावरची दांडी धरतात आणि मग उठून मध्यरेषेकडे सरकतात. हात रिकामे असलेच पाहिजेत. गळ आणि डबे नंतर दुसऱ्याने द्यायचे.

एक चूक माझी. बाबांना उठायला सोपं जावं म्हणून मी उंच खांबावरची फिरती खुर्ची बसवली. उठणं सोपं झालं खरं, पण त्यांचं सगळं वजन वर गेलं आणि मासा जोरात ओढायला लागला की होडी जास्त डोलायची. महिन्याभरात खुर्ची काढली आणि तिच्या जागी गुडघ्याच्या उंचीचं पाठ टेकायचं आसन लावलं. रुंद तळाने मिळवलेलं आपण उंच बसून घालवतो, हे मला आधी सुचलं नव्हतं.

खरी भीती वाटली ती चौथ्या महिन्यात. रात्रभर पाऊस झाला होता, ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटली होती आणि होडीत बोटभर उंचीचं, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर पाणी साचलं होतं. इतकंसं पाणी म्हणून मी तशीच आत उतरले. होडी माझ्या बाजूला कलली, ते सगळं पाणी सळसळत त्याच बाजूला आलं आणि काठ आणखी खाली गेला. मी खाली बसून समोरचा काठ धरला तेव्हा ती थांबली. नंतर हिशेब केला: साधारण साडेतीन मीटर लांब, १.३ मीटर रुंद तळ आणि ५ सेंटीमीटर उंची, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या वर. इतके किलो वजन, आणि तेही मोकळं फिरणारं, आपण झुकू त्या बाजूला धावणारं. सपाट तळाच्या होडीचा हा मोठा धोका आहे. आता तळाला छोटा पंप आहे, आणि तळ कोरडा झाल्याशिवाय कोणी आत पाय ठेवत नाही.

इतर दोष सांगते. वारा सुटला की छोट्या लाटांवर तळ थाडथाड आपटतो. बाबांच्या पाठीला ते सोसत नाही, म्हणून तेव्हा इंजिन अगदी हळू ठेवतो किंवा सरळ परततो. पाण्यात फार कमी बुडत असल्याने वाऱ्याने ती बाजूला वाहत जाते, त्यामुळे पुढे-मागे दोन नांगर लागतात. वल्ही मारायला जुनीपेक्षा जड आहे. डबा पडला तरी अ‍ॅल्युमिनियम ढोलासारखं घुमतं, पण जाड रबरी चटई टाकल्यावर ते बरंच कमी झालं.

माणसं किती बसवावीत? क्षमतेची पाटी नसलेल्या लहान होड्यांसाठी एक ढोबळ सूत्र वापरतात: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. आमच्या होडीची काठापासून काठापर्यंतची रुंदी ७० इंच, त्यामुळे उत्तर पाच येतं. आम्ही तिघांच्या वर कधीच जात नाही. पाच जणांत एक जण उठला तरी बाकीच्यांना सरकावं लागतं, आणि ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला झटकन सरकता येत नाही.

पाण्यात पडल्यावर परत वर येता येतं का, हे मी ऊबदार दिवशी, किनाऱ्याजवळ, लाईफ जॅकेट घालून करून पाहिलं. बाजूच्या काठावरून जमलंच नाही. मागून, इंजिन बंद करून, शिडीवरून जमलं. लांबीच्या दिशेने होडी सहज कलत नाही, म्हणून मागची बाजू चांगली. शिडीच्या दोनच पायऱ्या पाण्याखाली होत्या, त्या अपुऱ्या पडल्या. पाय फार वर उचलावा लागला. चार पायऱ्यांची शिडी मागवली आहे. बाबांना तीही चढता येईल की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून ते जॅकेट धक्क्यावरच चढवतात आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढतात.

मागच्या रविवारी मी मधला दोर ताणून धरला होता. बाबा कडेवर बसले, पाय पेटीवर ठेवले, उठले आणि माझा हात न धरता आपल्या आसनावर जाऊन बसले. मग वळून म्हणाले, "गळ दे इकडे, ऊन वाढायच्या आत निघू."