किल्पेकचे चर्च : दाराशीच तासभर थांबावे असे

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेलगत, हेरफर्ड शहरापासून सुमारे 14 किलोमीटरवर, किल्पेक नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील संत मेरी आणि संत डेव्हिड यांचे चर्च 1140 च्या सुमारास ह्यू डी किल्पेक या नॉर्मन जमीनदाराच्या काळात उभे राहिले. त्याचा आराखडा मराठी माणसाला चटकन उमगतो, कारण आपल्या देवळातील सभामंडप, अंतराळ आणि गाभारा यांच्याप्रमाणेच येथेही तीन भाग एकापुढे एक आहेत. फरक एवढाच की शेवटचा भाग अर्धगोल आहे.

या वास्तूचे खरे वैभव दक्षिणेकडील दारावर आहे. माथ्यावरच्या अर्धवर्तुळात वेलीसारखा पसरलेला जीवनवृक्ष, त्याभोवतीच्या कमानीत चोची पुढे काढलेली मुखे, आणि बाजूच्या खांबांवर एकमेकांची शेपटी गिळणारे साप आहेत. डावीकडच्या खांबावर वेलींच्या वेटोळ्यांत उभे असलेले दोन योद्धे मी बराच वेळ पाहत राहिलो. त्यांच्या सैल विजारींवरील चुण्यांच्या रेघा आजही बोटाने मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. उघड्यावरच्या वालुकाश्मात हे कोरीवकाम इतके टिकावे, याचे श्रेय दगडाच्या निवडीला आणि कारागिराच्या हाताला द्यायला हवे. आपल्या अंबरनाथच्या शिवालयावर 1060 सालचा शिलालेख आहे, म्हणजे ते याहून सुमारे ऐंशी वर्षांनी जुने; देवळाच्या द्वारशाखा निरखण्याची सवय असलेल्यांनी हे दारही त्याच सावकाशीने पाहावे.

त्यानंतर बाहेरून प्रदक्षिणा घालावी. छपराखाली ओळीने बसवलेल्या मूळ 91 कोरीव दगडांपैकी 85 शिल्लक आहेत. त्यांतील शेजारीशेजारी बसलेले कुत्रा आणि ससा इतके गोंडस आहेत की लहान मुलांनाही ते आधी दाखवावेत. लज्जागौरीची, म्हणजे पाय फाकून बसलेल्या आपल्याकडच्या प्रजननदेवतेची, आठवण करून देणारी स्त्रीप्रतिमाही याच रांगेत आहे. तिच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण चर्चच्या भिंतीवर तिला हक्काची जागा मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते. हे दगड उंचावर असल्यामुळे दुर्बीण न्यावीच. मी ती नेली नव्हती आणि बारकावे हुकल्याची हळहळ अजून आहे.

आतील सजावट मोजकी आहे. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंस एकावर एक अशा तीन-तीन संतमूर्ती आहेत, आणि गाभाऱ्याच्या छतात कमानींच्या पट्ट्या जेथे एकत्र येतात, तेथे सिंहांची मुखे कोरली आहेत.

निघण्यापूर्वी मागच्या बाजूच्या जुन्या गढीच्या टेकाडावर अवश्य चढावे. गढीच्या भिंतींचे आता थोडेच अवशेष उरले आहेत, परंतु तेथून पाहिल्यावर चर्चची तिन्ही छपरे पूर्वेकडे पायरीपायरीने उतरत गेलेली दिसतात.