जुन्या शेवरोलेला हेडर आणि पावणेदोन इंची पाइप: सांगलीतल्या एका सायलेन्सर वर्कशॉपबद्दल

सहा सिलिंडरच्या जुन्या गाडीला हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारे वेल्ड करून बनवलेले पाइप, करून घ्यायचे असतील तर सांगली-मिरजेत मी एकाच माणसाकडे पाठवीन. मिरजेहून कुपवाड एमआयडीसीकडे जाताना त्यांचं शेड लागतं. पाटी नाही, पण आसपासच्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याला ‘सायलेन्सरवाले चाचा’ म्हणून विचारलं की दाखवतात. मुख्य धंदा ट्रक-ट्रॅक्टरचा. त्यामुळे गळीत हंगामात जाऊ नका, उसाच्या गाड्यांपुढे तुमच्या गाडीकडे बघायला त्यांना वेळ नसतो.

आमची गाडी 1954 ची शेवरोले, आबांनी हौसेने सांभाळलेली. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना बंद झाला त्याच सालातली. 235 घन इंचाचं, म्हणजे 3.85 लिटरचं इंजिन, 115 हॉर्सपॉवर, तीन गिअर. ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या नळीला) मधोमध तडा गेला होता. त्याआधी पुण्यातल्या एका वर्कशॉपने ‘इंजिन मोकळं श्वास घेईल’ म्हणून मागे अडीच इंची पाइप घालून दिला होता. बेंड साध्या मशीनवर मारलेले, त्यामुळे प्रत्येक वळणावर पाइप चेपून निमुळता झालेला. साठच्या वेगाला गाडीत असा घुमारा भरायचा की मागे बसलेल्यांना बोलता येत नसे, आणि तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालताना ओढ मेल्यासारखी वाटायची.

चाचांनी आधी तडा पाहिला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापवून निकेलच्या रॉडने भरता येतं, पण त्यांनी सरळ सांगितलं, “भरून देतो ताई, पैसे घेतो, पण गरम-गार होऊन परत तिथंच जाणार.” मग पाइपच्या मापावर आलो. तीन-तीन सिलिंडरला एक असे दोन इंची पाइपांची जोडी मी मनात धरून गेले होते. ते म्हणाले, “एवढा पाइप घातला तर आवाज वाढंल, वढ न्हाई वाढायची.”

हे म्हणणं हिशेबाला उतरतं. 1.6 मिमी जाडीच्या दोन इंची पाइपचं आतलं क्षेत्रफळ साधारण 1780 चौरस मिमी. पावणेदोन इंचीचं 1336, म्हणजे जोडीचं 2672. अडीच इंची एकच घातला तर 2856. पावणेदोनची जोडी घेतली की जवळपास अडीच इंचीएवढी वाट मिळते, पण प्रत्येक पाइपमध्ये तीनच सिलिंडरचा धूर जातो आणि त्याचा वेग टिकतो. ‘इंजिनला थोडं बॅकप्रेशर लागतंच’ असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. अडथळा कुठल्याच इंजिनला नको असतो, हवा असतो तो वेग, आणि गरजेपेक्षा मोठ्या पाइपात नेमका तोच मरतो.

तीन-तीनचे गट करण्यामागे पक्कं कारण आहे. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. पुढचे तीन सिलिंडर एका पाइपात आणि मागचे तीन दुसऱ्यात घेतले की प्रत्येक पाइपात क्रँकच्या फिरण्यात बरोबर 240 अंशांच्या अंतराने धुराचा धक्का येतो. मूळ मॅनिफोल्डमध्ये सहाही एकत्र, दर 120 अंशांना एक, म्हणजे आधीच्याचा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत पुढच्याचा धूर येऊन आदळतो. सिलिंडर हेडला एक्झॉस्टची तोंडं मात्र चारच: 1 आणि 6 ची स्वतंत्र, 2-3 ची सामाईक, 4-5 ची सामाईक. चाचांनी स्वतंत्र तोंडांना दीड इंची आणि सामाईक तोंडांना पावणेदोन इंची पाइप घेतला. सामाईक तोंडाला दुप्पट पाइप लागत नाही, कारण 2 आणि 3 एका वेळी धूर सोडत नाहीत.

ड्रायव्हरच्या सीटखाली दोन्ही पाइप वाय-जोडात एकत्र येतात आणि तिथून मागे एकच सव्वादोन इंची पाइप आणि सायलेन्सर. इथवर येईपर्यंत धूर बराच गार होऊन आक्रसतो, म्हणून मागचा पाइप जोडीच्या बेरजेपेक्षा लहान चालतो. मागून बघणाऱ्याला पूर्वीसारखी एकच नळी दिसते, जी मला हवी होती.

सगळ्यात मोलाचं काम फ्लँजचं, म्हणजे हेडर इंजिनाला जिथे बसतो त्या सपाट पट्टीचं. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट एकाच क्लॅम्पखाली आवळले जातात. हेडरचा फ्लँज इनटेकपेक्षा जरा पातळ किंवा जाड झाला तर क्लॅम्प तिरका बसतो आणि पॅकिंगमधून धूर गळतो. चाचांनी व्हर्नियरने इनटेकचं माप घेतलं, वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला फ्लँज कुपवाडला मिलिंगवर सपाट करून आणला आणि मगच बसवला. गाडी चांगली तापवून, गार करून नट पुन्हा आवळायलाही त्यांनीच बोलावलं.

एक गोष्ट त्यांना आपण सांगावी लागते. मूळ मॅनिफोल्ड खालून इनटेकला ऊब देतं. हेडर आले की ती ऊब जाते आणि तासगावात जानेवारीच्या सकाळी गाडी अडखळते. मी आग्रह धरल्यावर त्यांनी इनटेकखाली एक चपटी पेटी बसवून त्यात रेडिएटरच्या गरम पाण्याची लाइन फिरवली. आता चोक लवकर सोडता येतो.

डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, गाडी घातलेली नाही, म्हणून हॉर्सपॉवरचा आकडा देत नाही. पण दंडोबाच्या चढाला जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे तिसऱ्यात निघते, आणि गाडीत बोललेलं ऐकू येतं.

खर्च साहित्यासकट 34 हजार. माझ्या मते योग्य आहे. तक्रारीही आहेत. दिलेली तारीख पाळली गेली नाही. पाइप गाडीखाली टांगणारा मागचा हँगर लोखंडी पट्टीने घट्ट जखडला होता. तापल्यावर पाइप मीटरला तीन-साडेतीन मिमी लांबतो, त्याला सरकायला जागा नसली की जोड तुटतो. सांगितल्यावर रबर घालून दिलं, पण सांगावं लागलं. हेडरला मारलेला रंग लगेच उडाला, रंग दुसरीकडे करा. बिल हवं असेल तर आधीच बोला.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 चे व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत आणि त्यात गाडी मूळ स्वरूपात असण्यावर भर आहे. म्हणून इंजिनाला हात न लावता, फक्त बोल्टने बसणारे हेडर घ्या आणि जुनं मॅनिफोल्ड, तडा असला तरी, भंगारात घालू नका. जाताना इनटेक मॅनिफोल्ड, क्लॅम्प आणि नवं पॅकिंग सोबत न्या. मापं त्यावरूनच निघतात.