जकात मोजणारे अ‍ॅप : आकडेमोड चोख, मसलकाचे भान कमी

गेली तीन वर्षे जकातीचा, म्हणजे मुसलमानाने आपल्या संपत्तीतून दरवर्षी द्यायच्या अनिवार्य दानाचा, हिशोब मी मोबाइलवरील एका मोफत अ‍ॅपवर करतो आहे; पुढे तक्रारीही असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. त्याआधी अब्बांची लाल वही होती आणि तिच्यातील बेरजा रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत घाईने होत.

अ‍ॅपचा खरा गुण त्याच्या प्रश्नांत आहे. रोकड, बँकेतील शिल्लक, सोने-चांदी, विक्रीचा माल, शेअर आणि लोकांना उसने दिलेले पैसे असे ते क्रमाने विचारत जाते, त्यामुळे एका मित्राकडे अडकलेली आणि मी सोयीस्करपणे विसरलेली रक्कमही पहिल्याच वर्षी हिशोबात आली. सोने 87.48 ग्रॅम किंवा चांदी 612.36 ग्रॅम हा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ते त्या दिवसाच्या भावाने ठरवते, आणि चांद्रवर्ष पूर्ण होण्याची तारीख हिजरी पंचांगाप्रमाणे लक्षात ठेवते. ही बाब किरकोळ नाही. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे असल्याने इंग्रजी तारखेने 2.5 टक्के देत राहिल्यास सुमारे 33 वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात बुडते.

उणीव आहे ती मसलकाची, म्हणजे धर्मशास्त्राच्या निरनिराळ्या परंपरांच्या भानाची. आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. आमच्याकडे स्त्रीच्या वापरातील, बेताच्या दागिन्यांवर जकात धरत नाहीत, तर हनफी या दुसऱ्या मसलकाच्या मतानुसार ती द्यावी लागते. अ‍ॅप मात्र हनफी मतच गृहीत धरते आणि तसे कोठेही सांगत नाही. शिवाय ते घरातील सगळे सोने एकाच रकान्यात मागते. वस्तुतः पत्नीची मालमत्ता तिची स्वतःची असते, म्हणून तिची जकातही तिनेच मोजायची. त्याहून गंभीर चूक कर्जाच्या रकान्यात आहे. तेथे वीस वर्षांचे संपूर्ण गृहकर्ज वजा होते आणि खाऊनपिऊन सुखी माणसाची जकात शून्यावर येते. (असे कर्ज घ्यावे की नाही, हा वाद वेगळाच.) कर्ज वजा करण्यास मान्यता देणारे अनेक उलेमाही (धर्मपंडितही) केवळ देय झालेले हप्तेच वजा करायला सांगतात, आणि शाफई मसलकातील प्रबळ मतानुसार तर कर्जामुळे जकात टळत नाही. बँकेच्या व्याजासाठीही वेगळा रकाना नाही; सवाबाची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता देऊन टाकायची ती रक्कम शिल्लकेतून आपणच काढावी लागते.

शेवटच्या पडद्यावर ‘मी जकात दिली’ असे चित्र स्टेटसला लावण्याचे बटण आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे सांगणारी हदीस (पैगंबरांचे वचन) ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे त्यांच्यासाठीच्या अ‍ॅपमध्ये हे बटण कोणाला सुचले असेल, याचे मला अजूनही नवल वाटते. मी त्या पडद्यापर्यंत जात नाही. आकडा वहीत उतरवतो आणि दागिन्यांचा व कर्जाचा रकाना आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून भरतो.