ओएसआरएम: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस. हळद, बेदाणा, सीझनला द्राक्षं. गाड्यांचे रूट लावायला पावसाळ्याआधीपासून ओएसआरएम हे रस्ता शोधणारं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवतोय, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. हा नकाशा विभागवार फाइलींत देणाऱ्या जिओफॅब्रिकची नुसती पश्चिम विभागाची फाइल आमच्या कामाची नाही. मिरजेपुढे थोडं गेलं की कर्नाटक, आणि तो दक्षिण विभागात. दोन्ही फाइली ऑस्मियम या टूलने जोडून घ्या. रॅम मात्र सढळ हाताने लागते.

वेगाला तोड नाही. साधा डायक्स्ट्रा, म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता शोधायची मूळ पद्धत, सांगली-नागपूर शोधताना चहूबाजूंनी पसरत कोकणातल्या वाड्याही चाळून येतो. ओएसआरएममधली सीएच, म्हणजे 2008 साली कार्लस्रूहला निघालेली कॉन्ट्रॅक्शन हायरार्की, कमी महत्त्वाचे चौक वगळून शॉर्टकट आधीच बांधून ठेवते. उत्तर मिलिसेकंदांत.

पण आमची गरज वेगळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की आज हा रस्ता बंद, उद्या तो. सीएचमध्ये बंद झालेला पूल कित्येक शॉर्टकटांच्या पोटात असतो, त्यामुळे सगळी बांधणी पुन्हा. तोवर ड्रायव्हर दारात उभा! म्हणून ओएसआरएमच्याच दुसऱ्या पद्धतीवर, एमएलडीवर (मल्टी-लेव्हल डायक्स्ट्रा) आलो. त्यात नकाशाचे तुकडे रस्त्यांच्या जोडणीवरून एकदाच पाडायचे. वेग बदलले तरी तुकडे तेच, फक्त कस्टमाइझची पायरी, म्हणजे त्या तुकड्यांतला वेगाचा हिशोब, पुन्हा चालवायची. बंद रस्त्यासाठी सीएसव्ही फाइलीत एक ओळ: इकडचा नोड (नकाशावरचा बिंदू), तिकडचा नोड, वेग शून्य. उलट्या दिशेची ओळ वेगळी लिहायची, नाहीतर जाणं बंद आणि येणं चालू. सीएचपेक्षा उत्तर थोडं उशिरा येतं, ऑफिसात बसून ते जाणवत नाही. दरपत्रकासाठी शेकडो गावांचं अंतरांचं टेबल काढायचं असेल तर मात्र अजून सीएचच. आणि ते टेबल अर्धं भरून जाण्याचंच अंतर येण्यालाही लावू नका: खंबाटकीला वर्षानुवर्षं पुण्याकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून आणि साताऱ्याकडे जाणारी घाटावरून, दोन्हीकडचं अंतर एक कसं येईल?

उणीव एकच, पण मोठी. ट्रकचं तयार प्रोफाइल, म्हणजे कोणत्या वाहनाला कुठून जाता येतं त्याच्या नियमांची फाइल, सोबत येत नाही. आयर्विन पुलावर जड वाहनांना बंदी, पण कारचं प्रोफाइल खुशाल तिथूनच नेणार. प्रोफाइलची लुआ भाषेतली फाइल स्वतः बदलावी लागते, नंतर एक्स्ट्रॅक्टपासून, म्हणजे नकाशा वाचायच्या पहिल्या पायरीपासून, सगळं पुन्हा. तेवढी हौस नसेल तर व्हल्हाला हे असंच दुसरं सॉफ्टवेअर बघा, त्यात ट्रकचा हिशोब आयता आहे. मोठ्या टेबलाला ते ओएसआरएमइतकं चपळ नाही.