एफ/२ की एफ/८?

लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र किती मोठं, ते हा एफ-आकडा सांगतो. ५० मिमी लेन्सवर (५० मिमी हे तिचं नाभीय अंतर) एफ/२ लावलं की छिद्राचा व्यास ५० भागिले २, म्हणजे २५ मिमी. एफ/८ ला तो जेमतेम सव्वासहा मिमी. म्हणूनच आकडा लहान, तेवढं छिद्र मोठं. व्यास चौपट, तर क्षेत्रफळ सोळापट, आणि प्रकाशही सोळापट. मधले टप्पे २.८, ४, ५.६ असे, दर टप्प्याला प्रकाश निम्मा, अशा एका टप्प्याला स्टॉप म्हणतात, म्हणजे एकूण चार स्टॉप.

घरात संध्याकाळी आरती चालू आहे असं समजा. एफ/२ ला शटर १/१२५ (सेकंद, तेवढाच वेळ प्रकाश आत येतो) आणि आयएसओ ४०० (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, बरोबर येतंय. तिथेच एफ/८ केलंत तर शटर १/८ वर उतरवावं लागेल. टाळ्या वाजवणारे हात पुसट येणारच. शटर तेच ठेवायचं तर आयएसओ ६४००, म्हणजे फोटोत दाणे. इथे मी डोळे झाकून एफ/२ घेईन. फोकस मात्र डोळ्यांवरच हवा, कारण एवढ्या मोठ्या छिद्रानं जवळून काढताना डोळे स्पष्ट आणि कान धूसर असं सहज होतं.

भर उन्हात वेरूळचं कैलास लेणं टिपायचं तर उलट. आयएसओ १०० ला एफ/८ वर शटर साधारण १/४००. एफ/२ वर १/६४००, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० लाच थांबतं. शिवाय पुढचा स्तंभ आणि मागचं शिखर दोन्ही रेखीव हवेत, ते छिद्र लहान असल्यानं एफ/८ च देतं. आणखी पुढे एफ/२२ पर्यंत मात्र जाऊ नका. विवर्तनामुळे, म्हणजे फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो.