प्रोटेजे : वर्गवृक्ष उत्तम, विचारणाऱ्याची सोय मात्र आपल्यालाच करावी लागते

एखाद्या विषयातील संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध संगणकाला त्यांवरून तर्क करता येईल इतक्या काटेकोरपणे मांडणे, म्हणजे ऑन्टॉलॉजी रचणे, हे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांपैकी बहुतेकांची पहिली गाठ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोटेजे’शी पडते. मार्क म्युसेन यांच्या १९८०च्या दशकातील संशोधनातून निघालेले हे सॉफ्टवेअर मोफत व मुक्तस्रोत आहे. भाताच्या रोगांची एक छोटी ऑन्टॉलॉजी रचताना मी ते बरेच दिवस वापरले. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या तोंडच्या वर्णनावरून रोगापर्यंत पोहोचता यावे, एवढाच त्या रचनेचा हेतू होता.

एंटिटीज टॅबवर गेले की डावीकडे ‘थिंग’ नावाचा एकच मूळ वर्ग दिसतो आणि त्याखाली उपवर्ग जोडत जाण्याचा मोह होतो. आम्हीही तेच केले. ‘बुरशीजन्य रोग’ आणि ‘जिवाणूजन्य रोग’ हे वर्ग परस्परांपासून पूर्ण वेगळे असल्याचे जाहीर केले, करपा बुरशीजन्य रोगांत घातला आणि नावावरून उघडच वाटले म्हणून कडाकरपा हा करप्याचा उपवर्ग केला. पुढे पुस्तकात पाहून कडाकरप्याला जिवाणूजन्य रोगांतही जागा दिली. सोबत येणारा हर्मिट हा रीझनर, म्हणजे मांडलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारा भाग, चालवताच कडाकरपा लाल अक्षरांत ‘नथिंग’ या रिकाम्या वर्गाखाली जाऊन बसला, कारण आमच्या मांडणीप्रमाणे असा रोग अस्तित्वातच असू शकत नव्हता. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की कोणत्या विधानांमुळे हा विरोध उद्भवला तेवढीच विधाने समोर येतात, आणि या एका सोयीसाठी मी प्रोटेजेला पैकीच्या पैकी गुण देईन.

चूक अर्थातच आमची होती. ‘करपा’ हा शब्द शेतकरी डोळ्यांना जे दिसते त्यासाठी वापरतो आणि आम्ही त्याला कारणांच्या झाडावर टांगले होते. ‘पानं शेंड्याकडनं कडंनं वाळाय लागल्यात, काय मारू?’ असे विचारणाऱ्याला बुरशी की जिवाणू हे ठाऊक नसते. पण उत्तर त्यावरच अवलंबून असते, कारण जिवाणूवर बुरशीनाशक फवारून पैसे वाया जातात. म्हणून लक्षण, लक्षणाची जागा आणि रोगकारक असे तीन वेगळे अक्ष केले व ‘करपा’ला केवळ बोलीतील नाव म्हणून ठेवले. त्यानंतर डीएल क्वेरी या, दिलेल्या अटीत बसणारे वर्ग शोधून देणाऱ्या, टॅबमध्ये ‘लक्षणाची जागा पानाची कड’ अशा अर्थाची अट लिहिली आणि कडाकरपा बरोबर उत्तरात आला. मूळ करप्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे ठिपके वेगळ्या अटीने सापडू लागले.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ऑन्टॉलॉजीने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत हे आधी लिहून काढावे, असे ग्रुनिंगर आणि फॉक्स या संशोधकांनी १९९५ मध्येच सांगितले होते. नॉय आणि मॅकगिनेस यांच्या स्टॅनफर्डच्याच २००१ सालच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेतही, वाइनचे उदाहरण घेऊन, पहिल्या पायरीवर हेच प्रश्न आहेत. मूळ डेस्कटॉप आवृत्तीत मात्र वर्गांना, गुणधर्मांना आणि व्यक्तींना (म्हणजे वर्गांतील एकेका उदाहरणाला) टॅब आहेत, या प्रश्नांना नाही. आम्ही त्यावर तोडगा काढला : विचारणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ‘प्रश्न’ नावाच्या टिपणात ठेवले आणि डीएल क्वेरीतील ‘ॲड टु ऑन्टॉलॉजी’ बटणाने प्रत्येक अटीचा एक व्याख्याबद्ध वर्ग (अटीत जे बसेल ते ज्याखाली रीझनर आपोआप आणतो असा) केला, जेणेकरून पुढच्या प्रत्येक बदलानंतर रीझनर चालवला की कोणते उत्तर निसटले ते दिसावे.

नवख्याने आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. जे सांगितलेले नाही ते खोटे, असे ही प्रणाली मानत नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या पिझ्झाच्या धड्यात मार्गारिटावर चीज आणि टोमॅटो असल्याचे सांगूनही, ‘याखेरीज काही नाही’ हे स्पष्ट लिहीपर्यंत तो शाकाहारी ठरत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ते निर्दोष आहे, पण दुकानदाराला समजावताना घाम फुटतो.

मराठीची अडचण येत नाही : नावांना ‘एमआर’ हा भाषासंकेत देता येतो, ओळखक्रमांक आपोआप तयार होतात आणि पडद्यावर देवनागरी नावे दाखवता येतात. अटींमधील ‘सम’ (some, किमान एक), ‘ओन्ली’ (only, फक्त) हे शब्द तेवढे इंग्रजीच राहतात.

तर्काची परिभाषा न येणाऱ्या तज्ज्ञांना सोबत घ्यायचे असेल, तर वेबप्रोटेजे ही ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती अधिक सोयीची. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या रोगवर्गीकरणाच्या संपादनासाठी त्यावरच बेतलेले, फॉर्म भरून काम करता येणारे साधन वापरले होते. आमच्या कृषी सहकाऱ्यांनीही डेस्कटॉप आवृत्ती दोन दिवसांत सोडून दिली आणि लक्षणे वहीत लिहून माझ्याकडे आणून देऊ लागले.