कानाने केलेलं संपादन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझं पहिलं पुस्तक मी स्वतः काढलं तेव्हा मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तीनदा वाचली होती. तिन्ही वेळा डोळ्यांनी, तिन्ही वेळा मीच. छापील प्रत हातात आली आणि नवव्या पानावर 'त्याने त्याने दार लावलं' असं दिसलं. छापून झालेल्या प्रतींचं काहीच करता येत नव्हतं. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी म्हणून मी एक वेगळी सोय वापरायला घेतली. संगणकाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मी तो ऐकत दुरुस्त करायचा. नऊ महिन्यांत एक कादंबरी आणि जुन्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती अशी दोन पुस्तकं यातून गेली. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याला संपादक, मुद्रितशोधक आणि प्रकाशक या तिन्ही खुर्च्यांवर बसावं लागतं, त्यामुळे हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

कल्पना जुनीच आहे. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याच्या काळात छापखान्यात एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि दुसरा समोरच्या प्रुफावर नजर ठेवायचा. एकट्या लेखकाकडे तो पहिला माणूस नसतो. तिथे आता यंत्र बसतं, एवढंच.

आधी तांत्रिक भाग. मी मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरला. त्यात मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की वाचन सुरू होतं, आणि जो शब्द वाचला जातोय तो पडद्यावर रंगीत दिसतो. इंटरनेट मात्र चालू लागतं. पीडीएफ देऊ नका. पीडीएफमध्ये अक्षरं कुठे दिसायची याची नोंद असते, त्यांचा क्रम जसाच्या तसा राहीलच असं नाही, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या इकडेतिकडे होऊन भलतेच शब्द कानावर पडतात. प्रकरण एचटीएमएल, म्हणजे वेबपान, म्हणून जतन करा आणि ते ब्राउझरमध्ये उघडा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत. माझा जुना कथासंग्रह युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टाइप केलेला होता, आणि तो बदलून घेण्यातच पहिला पंधरवडा गेला. ते काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय ई-पुस्तकही होत नाही, म्हणून वेळ वाया गेला असं वाटलं नाही.

आता यातून काय मिळालं ते. लागोपाठ दोनदा आलेला शब्द, गळलेलं 'नाही', अर्धवट खोडलेलं वाक्य हे सगळं पहिल्याच दिवशी सापडायला लागलं. आपलं लिखाण वाचताना डोळा पुढचा शब्द आधीच ओळखून पुढे सरकतो. यंत्राला तो माहीत नसतो, म्हणून ते जे आहे तेच वाचतं.

पण माझ्या दृष्टीने खरी कमाई वाक्यांच्या शेवटांत झाली. भूतकाळात सांगितलेली मराठी गोष्ट फार लवकर 'होता, होती, होतं'च्या रांगेत अडकते. चौथ्या प्रकरणाची सुरुवात मी अशी केली होती: 'रात्र झाली होती. अंगणात कोणी नव्हतं. ओटीवर दिवा जळत होता. विहिरीजवळ कुत्रं झोपलं होतं.' पानावर हे मला शांत, संथ वाटायचं. ऐकताना मात्र प्रत्येक वाक्य एकाच जागी येऊन आपटत होतं. शेवटी ते असं झालं: 'रात्र झाली. अंगणात कोणी नाही. विहिरीजवळ कुत्रं झोपलेलं, ओटीवर दिवा तेवढा जळतोय.' माहिती तीच आहे, पण आता रात्र जाणवते. अशा जागा संपूर्ण कादंबरीत शेकड्यांनी निघाल्या. सगळ्या बदलल्या नाहीत, कारण काही ठिकाणी तो ठेका मला हवाच होता.

दुसरी गोष्ट भाषेच्या सरमिसळीची. माझ्या निवेदनात कुठे 'त्याने' तर कुठे 'त्यानं', कुठे 'सांगितले' तर कुठे 'सांगितलं' असं दोन्ही होतं. वाचताना हे वर्षभर दिसलं नव्हतं, ऐकताना दहा मिनिटांत खटकलं. मग ठरवून टाकलं की या कादंबरीचं निवेदन बोलीच्या वळणाचंच राहील, आणि पहिल्या ओळीपासून सगळं एकसारखं केलं.

यंत्राचा आवाज सपाट असतो याची तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. या कामापुरता मला तो सपाटपणाच हवा आहे. मी स्वतः मोठ्याने वाचते तेव्हा कच्च्या वाक्यातही माझा आवाज जीव ओततो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे मला ठाऊक असतं. वाचकाला ते कोण सांगणार? बाप-लेकीच्या भांडणाचा प्रसंग सपाट आवाजात ऐकताना कोण बोलतंय तेच कळेना. दोघांच्या तोंडी मी एकच भाषा घातली होती. तो प्रसंग पुन्हा लिहिला.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सर्वांत मोठी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. आपण बोलताना हा फरक फारसा करत नाही, त्यामुळे 'गरीबाला' आणि 'गरिबाला' कानाला सारखेच लागतात. 'मूल' पण 'मुलाला', 'फूल' पण 'फुलांचा' हे नियमाने माहीत असलं तरी चूक ऐकू येत नाही. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' यांचीही तीच गत. यासाठी डोळ्यांची वेगळी फेरी लागतेच. ती मी शेवटच्या परिच्छेदाकडून पहिल्याकडे उलटी करते, म्हणजे गोष्टीच्या ओघात वाहून जायला होत नाही.

दुसरी मर्यादा आपल्या लिपीची. 'चार' आणि 'चारा' यांतल्या 'च'चा उच्चार वेगळा, पण अक्षर एकच. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यांचंही तसंच. माणूस अर्थावरून ओळखतो, यंत्राचा गोंधळ होऊ शकतो. आठवडाभरात कान त्याला सरावतो. ओव्या, अभंगांच्या ओळी, बोलीभाषेतले संवाद मात्र यंत्राकडे देऊ नयेत. ते मी मैत्रिणीकडून वाचून घेतले आणि ती जिथे अडखळली तिथे पेन्सिलीने खूण केली. तारखांचे घोळ, पात्राचं बदललेलं वय, विसरलेला धागा यांतलंही यंत्राला काही कळत नाही. त्यासाठी हाडामांसाचा वाचक लागतो आणि जमलं तर मोबदला देऊन व्यावसायिक संपादकही घ्यावा, असं माझं अजूनही ठाम मत आहे.

वेळेचं गणित असं: ६२,००० शब्दांची कादंबरी, नुसती ऐकायची तर आठेक तास. थांबत, दुरुस्त करत मला २६ संध्याकाळी लागल्या. चाळीस मिनिटांनंतर कान झोपतो, त्यापुढे बसू नये. वेग वाढवून पाहिला तर पुन्हा डोळ्यांसारखंच झालं, चुका निसटायला लागल्या. नेहमीपेक्षा थोडा कमी वेग बरा.

एक उपयोग मी धरलाच नव्हता, तो म्हणजे प्रसिद्धीचा. मलपृष्ठावरचा मजकूर ऐकून पाहिला आणि त्यातली विशेषणं ऐकवेनात. 'हृदयस्पर्शी' आणि 'विलक्षण' हे दोन्ही शब्द मी स्वतःच्या पुस्तकाबद्दल लिहिले होते. ते काढले, आणि तिथे गोष्टीतला पेच दोन वाक्यांत मांडला. वाचकांना ऐकवायचा उताराही असाच सापडला. मला आवडणारं शेवटचं प्रकरण ऐकताना पाठीमागचं सगळं माहीत असावं लागतं, विहिरीचा प्रसंग मात्र एकटा उभा राहतो. ई-पुस्तक ॲमेझॉन किंडलच्या सिलेक्ट योजनेत, म्हणजे ते फक्त किंडलवरच ठेवण्याच्या करारात, घातलं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: त्या ९० दिवसांत डिजिटल मजकूर दुसरीकडे ठेवता येत नाही, नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंतच चालतो. विहिरीचा प्रसंग साडेतीन पानांचा आहे, त्यामुळे तो निर्धास्तपणे देता आला. तो वाचला मात्र मी माझ्याच आवाजात.